थंड भट्टीची खंडेनवमी

१२ सप्टेंबर, शुक्रवार. बॉथेल.

निखिलने माझं परतीचं तिकीट कॅन्सल केलं. सकाळी चहा पिताना, दूध संपलंय म्हणून सांगावं तसं सांगितलं.

"बाबा, ते तिकीट मी कॅन्सल केलंय. आत्ता जाऊन काय करणार तुम्ही एकटे त्या घरात?"

मी म्हटलं, भट्टी आहे की. तो हातातल्या फोनकडे बघायला लागला. सूनबाईने, मृणालने, नळ सोडला आणि धुतलेलंच पातेलं परत धुवायला घेतलं. तेव्हा लक्षात आलं, माझ्याखेरीज या घरात सगळ्यांना काहीतरी ठाऊक आहे.

माझी बायको शालन गेली, त्यानंतर निखिल मला इथं, अमेरिकेत, घेऊन आला. चार महिने राहा, मन रमेल. कुठलं रमतंय. पण ठरलेलं एवढंच होतं की नवरात्राच्या आत कोल्हापुरात पोचायचं. खंडेनवमीला आमच्या लोखंड ओतायच्या कारखान्यातल्या भट्टीची पूजा मी कधी चुकवली नाही. शालन दवाखान्यात होती तेव्हाही मधेच उठून जाऊन नारळ फोडून आलो होतो. तीच म्हणाली होती, जाऊन या, ती माझ्याआधीची आहे.



१३ सप्टें., शनि.

सुहासचा फोन. माझा धाकटा भाऊ वसंता, त्याचा हा मुलगा. वसंता गेल्यापासून कारखाना तोच बघतो. आधी इकडची तिकडची विचारपूस. जेवलात का, थंडी पडली का. मग एकदम म्हणाला, "काका, मे महिन्यापासून भट्टी पेटलेली नाही. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

मी इथं आलो जूनमध्ये. म्हणजे मी विमानात बसलो तेव्हा ती थंडगार होती. शालन गेल्यापासून तिकडे फिरकलो नव्हतो, निघायच्या आदल्या दिवशी तेवढा कारखान्यात गेलो होतो. आज मेन्टेनन्स आहे, सुहास म्हणाला होता. मी हो म्हणून घरी आलो. भट्टीला नुसता हात लावून बघायचंही सुचलं नाही मला.

मोठ्या कंपन्या आता ओतकाम विजेच्या भट्टीवाल्यांना देतात. आमची कोकवर चालणारी. धूर फार. धुराच्या नोटिसा वेगळ्या. माणसं एकेक करून दुसरीकडे लागली. जागा बिल्डरला द्यायची म्हणतो.

"पण काका, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी भट्टीला हातोडा लावणार नाही. तुमची आणि बाबांची आहे ती. तुम्ही सांगा की काय करायचं."

पोरगा चांगला आहे, म्हणूनच जास्त संताप येतो. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं. विचार करून सांगतो म्हटलं. विचार कसला डोंबलाचा करायचा.

१५ सप्टें., सोम.

पाऊस. पावसाला इथं आवाजच नाही, नुसता ओलावा.

भट्टी बांधली तेव्हाचं आठवत बसलो. आम्हा दोघा भावांना कुणी शिकवलं नाही. शेजारच्या कारखान्याच्या भिंतीला शिडी लावून वसंता बघायचा आणि खाली मला सांगायचा, मी फरशीवर खडूने काढायचो. त्यांचा मिस्त्री ओरडला की शिडी काढून पळायचं. पहिल्या दिवशी पेटवली आणि रस आतच थिजला. लोखंडाचा एवढा मोठा गोळा, भट्टीच्या पोटात. आठवडाभर छिन्नी-हातोड्याने फोडत होतो. आजूबाजूचे कारखानदार येऊन बघून जायचे. कुणी हसायचं, कुणी चहा पाठवायचं. शिडीवरून ओरडणारा तो मिस्त्रीच शेवटी आत आला, म्हणाला, हवेचं तोंड चुकलंय तुमचं, आणि स्वतःच्या हाताने विटा बदलून गेला.

पुढं त्याच भट्टीतून अर्ध्या जिल्ह्याच्या रसवंत्यांचे रोलर निघाले. निखिलची इंजिनिअरिंगची फी निघाली. तो भट्टीच्या धुरात राहू नये म्हणूनच शिकवला त्याला. राहिला नाही. आता तक्रार कुणाकडे करायची?

१७ सप्टें., बुध.

मृणालबद्दल लिहायला पाहिजे. नागपूरची पोर, इतिहासात एम. ए. लग्न करून इथं आली आणि व्हिसाच्या भानगडीत कित्येक वर्षं घरात बसून राहिली. नोकरी करायची परवानगीच नाही. अखेर परवानगी मिळाली आणि यंदा सिअ‍ॅटलच्या एका म्युझियममध्ये लागली, अर्धवेळ. लोकांना वस्तू दाखवायच्या, माहिती सांगायची. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवून निघते तेव्हा चाल बदलते तिची. या घरात माझ्याशी पूर्ण वाक्यात बोलणारी ती एकटी. निखिल वाईट नाही, पण त्याचं निम्मं लक्ष कायम हातातल्या फोनमध्ये. (यापुढे नुसतं मृ. आणि नि. लिहितो. बोटं दुखतात.)

जेवताना मृ. म्हणाली, "बाबा, आमच्याकडे नवीन प्रदर्शन लागून राहिलं. जपानचं. तुमच्याच कामाचं आहे, भट्ट्यांचं."

जपानच्या दक्षिणेला सात्सुमा म्हणून प्रांत. तिथलं एक जुनं सरदार घराणं. परदेशी माणसाला देशात फिरकू द्यायचे नाहीत, त्या काळात यांनी तोफा ओतायला भट्टी बांधली. बघून नाही, कुणाला विचारून नाही. एक डच पुस्तक होतं, त्यावरून.

"नुसत्या पुस्तकावरून?"

"हो ना. पहिली फसलीच म्हणे. कलली ती. अन् विटाच वितळल्या आतल्या."

मी हसलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मृ. बघतच राहिली. मग शिडीची गोष्ट सांगितली तिला. नि. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही." सांगितलं होतं. असो.

२१ सप्टें., रवि.

म्युझियम बघितलं. नि. ने गाडी काढली. मृ. आधीच कामावर होती.

एवढं चांगलं मांडतात आणि दिवे मंद का ठेवतात, कळत नाही. आत शिरल्याबरोबर लाल काचेचं एक भांडं. पैलू पाडलेलं, जांभळासारखा गडद लाल. तेही त्याच कारखान्यातलं. तोफा, काच, पुढं सूतगिरणी, सगळ्यालाच हात घातला होता त्या लोकांनी. भट्टीचा लाकडी नमुना, मधून कापून दाखवलेला. आग एकीकडे, लोखंड दुसरीकडे, ज्वाळा छतावरून वळून लोखंडावर पडते. आमच्यापेक्षा निराळी जात. तरी बघितल्याबरोबर ओळख पटली.

आणि शेवटी वीट. खरी, त्या भट्टीतली. बुटक्या ओट्यावर ठेवलेली, वर काच नाही, पुढे नुसती दोरी. एक कड काळी पडून चकाकते, म्हणजे तिने आग सोसलेली आहे. संस्थानातल्या कुंभारांनी केलेली म्हणे, घडे-वाडगे करणारे कुंभार.

पाच-सहा गोऱ्या माणसांना मृ. इंग्रजीत सगळं सांगत होती. हात हलवत, न अडखळता. मी मागे उभा राहून ऐकलं. अर्धं कळलं. ऊर भरून आला हे लिहायला हरकत नाही.

शेवटचा फलक तिने मला मराठीत वाचून दाखवला. ज्या धन्याने हे सगळं उभं केलं तो अचानक गेला. मागून आलेल्यांना हा खटाटोप झेपेना. कामं आवरती घेतली. लाल काचेची विद्या तर पुढं कुणाला येईनाशीच झाली.

"भट्टीचं आता काय आहे तिथं?" मी विचारलं.

"खालचा दगडी पाया आहे, बाबा. अन् अशा काही विटा."

लोक येतात, पाटी वाचतात, विटेकडे एकदा बघतात, पुढं जातात. पाटी विटेपेक्षा मोठी आहे. मी बाकावर बसून राहिलो. नि. जवळ आला, "बाबा, मस्त आहे ना?" हो म्हटलं. त्याला काय सांगायचं? धनी तरी मरून गेला, मग भट्टी बंद झाली. माझ्या नशिबी दोन्हींमधली ही रिकामी जागा आली आहे. मी जिवंत आहे आणि ती नाही.

२२ सप्टें., सोम. घटस्थापना.

मृ. ने दह्याच्या रिकाम्या डब्यात माती भरून गहू पेरले. देवापुढं समई लावली, मग धूर ओळखणारं छतावरचं यंत्र कोकलायला लागलं. नि. खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालत होता. धुराच्या नोटिसा इथंही.

जेवण गेलं नाही.

२५ सप्टें., गुरु.

सुहासला मी आपणहून फोन केला. त्याला वाटलं, हो म्हणायला केला. आवाज एकदम मोकळा झाला त्याचा. मी म्हटलं, ते नंतर. खंडेनवमीला एवढं कर, भट्टीला हळदकुंकू लाव, नारळ फोड.

"काका, लाईट तोडलीय तिथली. गेटला कुलूप आहे. आणि त्या दिवशी मी पुण्यात आहे, इंटरव्ह्यूला."

इंटरव्ह्यू! कारखानदाराचा मुलगा या वयात नोकरी मागायला निघालाय. मी काहीतरी बोललो, आता आठवत नाही, वाकडंच असणार. तो म्हणाला, "काका, रागावू नका, पण बंद भट्टीची कसली पूजा?"

बरोबर आहे त्याचं. पूजा चालत्या हत्याराची असते. गंजलेल्याची कुणी करत नाही. 

२६ सप्टें.

काही नाही.

२८ सप्टें., रवि.

नदीकाठच्या रस्त्यावरून चालून आलो. सायकलवाले मागून ओरडतात, डावीकडून जातोय म्हणून. मी दचकून डावीकडेच सरकतो. पाटील म्हणून एक निवृत्त गृहस्थ भेटतात तिथं, मुलीकडे आलेले. सांगत होते, इथं किती स्वच्छ आहे, किती शांत आहे. शांतच आहे. मेल्यासारखं.

खरं लिहायचं तर मला जगायचा कंटाळा आलाय. जीव द्यावा वगैरे नाही, तेवढीही खुमखुमी राहिलेली नाही. सकाळी उठायचं कशाला, एवढंच कळत नाही. भट्टी पेटायची त्या दिवशी पहाटे उठावं लागायचं. उशीर झाला तर माणसं खोळंबायची. इथं मी दुपारपर्यंत झोपलो तरी कुणाचं काही अडत नाही. उलट बरं, बाबांना झोप लागली म्हणतात.

मृ. ने भरली वांगी केली होती, शालनच्या पद्धतीने, ती असताना तिला फोनवर विचारून लिहून घेतलेली. दोन घास खाल्ले.  रात्री नि. ला म्हणत होती, "डॉक्टरकडे न्या न यांना. मला भीती वाटून राहिली." भिंती पातळ आहेत इथल्या.

३० सप्टें., मंगळ.

मृ. म्हणाली, "बाबा, उद्या चला माझ्यासोबत म्युझियममध्ये. घरी बसून काय करता? तिथं बाक आहे, कॅन्टीन आहे. माझी शिफ्ट संपली की सोबत येऊ."

हो म्हटलं.

१ ऑक्टो., बुध. खंडेनवमी.

सकाळी नि. ने पूजा मांडली. लॅपटॉप, गाडीच्या किल्ल्या, मृ. ची शिवणाची कात्री, माझा चष्मा. लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचं बोट. मग खाली जाऊन गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. समोरच्या दोन घरांतही तेच चाललं होतं, एक हैदराबादचे, एक बडोद्याचे. तिघं एकमेकांना हात करत होते. मनापासून करतो तो हे सगळं. "बाबा, झालं ना व्यवस्थित?" झालं म्हटलं. ताटातली हळद, कुंकू आणि एक झेंडूचं फूल मी कागदाच्या पुडीत घेतलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. कशाला घेतलं, तेव्हा मलाही नीट माहीत नव्हतं.

म्युझियममध्ये गर्दी नव्हती. बाकावर बसलो. मृ. दुसऱ्या दालनात शाळेची पोरं घेऊन गेली. विटेपुढं कुणी नव्हतं.

मला परवानगी विचारायचं सुचलंच नाही. आमच्याकडे हळदकुंकवाला कोण परवानगी विचारतो? दसऱ्याला एसटी डेपोत जा, वजनकाट्यावर जा, दवाखान्यातल्या एक्स-रेच्या यंत्रालाही बोट लागलेलं असतं. कुणी लावलं, कुणी विचारत नाही. पुजायचं राहिलं तर मात्र विचारतात.

दोरीखालून वाकून गेलो. चप्पल काढली, खाली बसलो. आधी हळद, मग कुंकू, दोन बोटं. फूल ठेवलं. वीट गार होती. दोन्ही हात तिच्यावर ठेवून डोळे मिटले आणि मनात म्हटलं... ते लिहीत नाही.

मग कुठलंसं धोक्याचं यंत्र वाजायला लागलं. पहारेकरी धावत आला, दांडगा माणूस, पण आवाज मऊ. "सर, सर, प्लीज." मी उठेना म्हणून त्याने मला बगलेत धरून उठवलं. फूल पायाखाली गेलं त्याच्या. शाळेची पोरं येऊन बघायला लागली आणि त्यांच्यामागे मृ. तिचा चेहरा...

पोरीने आधी मला चप्पल घातली, वाकून, सगळ्यांसमोर. मग तिच्या साहेबीणबाईंशी बोलायला गेली.

२ ऑक्टो., गुरु. दसरा.

सोनं नाही, काही नाही.

वीट भुसभुशीत असते. कुंकू आत शिरलं. हळद थोडी फिकी होईल, कुंकवाचं सांगता येत नाही म्हणाले. वस्तू त्यांची नाही, जपानहून मागून आणलेली. आता तिकडे कळवलंय. तिकडचं उत्तर येईपर्यंत मृ. ने कामावर यायचं नाही. घरच्या माणसाला तिने आणलं होतं, म्हणून.

नि. माझ्यावर ओरडला. इंग्रजीत ओरडला. रागावला की त्याला मराठी सुचत नाही. मग शेवटी मराठीत आला, "बाबा, किती वर्षं थांबली होती ती या जॉबसाठी! तुम्हाला माहितीय? किती वर्षं?"

मला माहीत आहे. माझ्याच पानावर लिहिलेलं आहे वर.

मृ. ओरडली नाही. गळ्यातला पट्टा दाराजवळच्या खिळ्याला अडकवला आणि खोलीत गेली.

३ ऑक्टो.

मृ. ताट वाढते, जाते. "बाबा, जेवायला." एवढंच.

या घरात एकच माणूस बोलत होतं माझ्याशी. तेही मी आपल्या हाताने बंद केलं.

५ ऑक्टो., रवि.

मृ. येऊन समोर बसली. म्हणाली, "बाबा, मला एक सांगा. माफी काय मागायची ते मी बघते. पण तिथं मला विचारून राहिले की त्यांनी असं का केलं. मी काय सांगू?"

 मी म्हटलं, "तिला बघायला सगळे येतात, मृणाल. तिचं असं कुणी नव्हतं तिथं."

ती म्हणाली, "मला सांगितलं असतं बाबा, तर मी विचारलं असतं आधी. कदाचित दोरीबाहेरून फूल ठेवू दिलं असतं." मग तिचा आवाज फुटला. "मी होते न तिथं. दहा पावलांवर."

रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवायला गेलो आणि तिथंच थांबलो. अजून नखात कुंकू आहे माझ्या.

८ ऑक्टो., बुध.

मृ. ला घेऊन गेलो, म्हणजे तीच मला घेऊन गेली. साहेबीणबाईंसमोर हात जोडले. सॉरी म्हटलं. बाई वाईट नाहीत. कॉफी दिली. मृ. ने त्यांना खंडेनवमी समजावून सांगितली. त्या म्हणाल्या, मी समजू शकते, पण निर्णय माझ्या हातात नाही, जपानच्या उत्तराची वाट बघतेय.

बाहेर पडताना प्रदर्शनाच्या दालनाकडे बघितलं. विटेच्या जागी कोरा ओटा. दोरी तशीच.

११ ऑक्टो., शनि.

मृ. फोन जवळ घेऊन बसते. कणीक मळताना पालथी मूठ लावून पडदा उजळवून बघते. काही नसतं. परत मळते. दार वाजलं की मान वळते तिची. आवाज न करता वाट बघणाऱ्या माणसाच्या शेजारी राहणं फार अवघड.

आज ते बघताना सुहास डोळ्यासमोर आला. एवढे दिवस तोही असाच बसला असणार, माझ्या एका शब्दासाठी. बिल्डर विचारत असणार, बायको विचारत असणार. हा काय सांगत असेल? काका कळवतो म्हणालेत.

जपानवाले मृ. ला लटकवून ठेवतायत म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालतो. आणि मी काय करतोय?

हो म्हणायचं. संपवायचं एकदाचं.

१३ ऑक्टो., सोम.

कालच लावणार होतो फोन. लावला नाही. आजही नाही.

१४ ऑक्टो., मंगळ.

इथली संध्याकाळ, तिथली सकाळ. जपानचं अजून काही नाही. मृ. शेजारी मटार सोलत बसली होती. तिला म्हटलं, सुहासला फोन लाव, चित्राचा. मला हो म्हणायचंय त्याला. तिने माझ्याकडे बघितलं आणि लावून दिला.

सुहास म्हणाला, "काका, थांबा. मी तिथंच जातो. तुम्ही बघूनच सांगा." पुण्याची नोकरी मिळाली नाही त्याला, ते चालता चालता सांगितलं. गेट उघडल्याचा आवाज आला. मग अंधार, मग त्याच्या बॅटरीचा गोल उजेड.

भट्टी दिसली. तोंडाशी कोळिष्टकं. धुराड्याच्या बाजूला पिंपळाचं रोप फुटलेलं. कबुतरांची घाण. एका अंगाला जुनं हळदकुंकू, गेल्या खंडेनवमीचं, माझ्याच बोटांचं. वाळून काळपट झालंय, पण आहे.

"काका, एक विचारू? त्या दिवशी बोललो ते... मला बोलायला नको होतं. आज आणलंय मी हळदकुंकू. कुठं लावायचं ते सांगा, मला नेमकं माहीत नाही. तुम्हीच लावायचा नेहमी."

मी सांगितलं. तोंडाच्या वर, उजवीकडे. त्याने लावलं.  नारळ एका फटक्यात फुटला नाही, दुसऱ्यात फुटला. पाणी भट्टीच्या पायाशी सांडलं. मृ. ने मटाराचं ताट बाजूला ठेवून हात जोडले. मीही जोडले.

मग तो म्हणाला, "सांगा काका आता. तुम्ही म्हणाल तसं. मी थांबलोय."

मी हो म्हणायला तोंड उघडलं. खरंच हो म्हणायलाच. आणि निघालं ते, "सुहास, कोक किती शिल्लक आहे रे?"

 मला वाटलं, चिडला. चिडायलाच पाहिजे होतं. मृ. माझ्याकडे बघत होती. मग पडद्यावरचा उजेड भट्टीवरून सरकला, भिंतीवर गेला, खाली जमिनीवर आला. सुहासची चप्पल दिसायला लागली, चालणारी. कोपऱ्याकडे निघाला होता तो, जिथं कोकचा ढीग असायचा.

तिथं रेंज नसते. फोन कट झाला.

मृ. म्हणाली, "परत लावू का, बाबा?"

नको म्हटलं. बघू दे त्याला.